क्लचचं काळं फ्लुइड आणि वंगणाची बाकीची कामं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन आसनी, मागच्या चाकांवर चालणारी, सहा गिअरची मॅन्युअल स्पोर्ट्स कार. वय दहा वर्षं, चालणं कमी, वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाते. क्लचच्या डबीतलं फ्लुइड काळं पडलंय, आणि इंजिन वरच्या आरपीएमला असताना गिअर बदलला की कधीकधी पेडल खालीच रेंगाळतं. सर्व्हिस बुकात क्लच फ्लुइडसाठी वेगळी ओळच नाही. तर ते बदलायचं का, घरी जमेल का, आणि गाडीला कुठे कुठे काय वंगण लागतं?

बदलायचं, आणि घरी जमतं. आधी क्लचचंच बोलतो. इंजिन ऑइलची काळजी सगळे घेतात. क्लचच्या त्या छोट्या डबीचं झाकण वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही.

क्लचमध्ये असतं ते ब्रेकचंच फ्लुइड, बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रतीचं. ते ग्लायकोल इथरवर आधारलेलं असतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. ताज्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस, डॉट ४चा २३० आणि डॉट ५.१चा २६० असावा लागतो. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरलं की हेच आकडे १४०, १५५ आणि १८० या किमान मर्यादेपर्यंत उतरलेले चालतात. पेडल दाबलं की त्याच्याजवळचा मास्टर सिलिंडर हे फ्लुइड नळीतून ढकलतो आणि गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर त्या दाबाने क्लच सोडवतो. आता तुमचा स्लेव्ह सिलिंडर कुठे बसलाय ते बघा. एका बाजूला घासून तापलेली क्लच प्लेट, शेजारून एक्झॉस्टचा पाइप. ट्रॅकवर दोन-चार फेऱ्या झाल्या की तिथलं ओलावलेलं फ्लुइड उकळी फुटायच्या बेतात येतं. वाफेचा एक बुडबुडा झाला तरी तो दाबला जातो, तुमच्या पायाचा जोर त्यातच मुरतो आणि क्लच पुरता सुटत नाही. गाडी गार झाली की वाफ विरते, पेडल पुन्हा ठणठणीत. म्हणून ‘मेकॅनिककडे नेली की काही सापडतच नाही’ अशी तक्रार या दोषाबाबत हमखास ऐकू येते.

ब्रेकचं फ्लुइड अजून पिवळं आणि क्लचचं काळंकुट्ट, असं का होतं? ब्रेक दाबताना कॅलिपरचा पिस्टन केसभर हलतो. क्लचच्या स्लेव्हमधला पिस्टन मात्र दर गिअरला बराच लांब सरकतो आणि परत येतो. त्याचं रबरी सील तेवढ्या वेळा अ‍ॅल्युमिनियमच्या बोअरवर घासतं. घासलेलं रबर आणि धातूची बारीक पूड फ्लुइडमध्ये मिसळते. शिवाय स्लेव्हच्या तोंडावरचं डस्ट बूट सैल असेल तर क्लच प्लेटची धूळ सीलपर्यंत येते. फ्लुइडचं प्रमाणही थोडं, त्यामुळे जरा घाण झाली तरी रंग लगेच गडद होतो. रंगावरून सील झिजतंय एवढं कळतं. पाणी किती शिरलंय ते रंगावरून कळत नाही, कारण पाणी शिरलेलं फ्लुइड दिसायला अगदी स्वच्छही असू शकतं. गाडी कमी चालते म्हणून फ्लुइड टिकतं हा हिशोबही इथे लागू नाही. उभी गाडीसुद्धा ओल पितेच.

डबीतल्या पातळीचं एक गणित बऱ्याच जणांना उलटं माहीत असतं. ब्रेक पॅड झिजले की ब्रेकच्या डबीतली पातळी खाली जाते, हे खरं. क्लचमध्ये नेमकं उलट होतं. प्लेट पातळ होत गेली की तिला दाबून धरणाऱ्या डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं गिअरबॉक्सच्या दिशेने सरकतात, त्या बोटांवर टेकणाऱ्या रिलीज बेअरिंगला आणि त्यामागच्या पिस्टनला मागे ढकलतात, आणि तेवढं फ्लुइड वर डबीत येतं. म्हणजे वेगळी डबी असलेल्या गाडीत प्लेट झिजताना पातळी किंचित वाढायला हवी. ती घटत असेल तर कुठेतरी गळतंय, याला दुसरं कारण नाही. टॉप-अप करून गप्प बसू नका, गळती शोधा. आणि याच कारणाने डबी काठोकाठ भरू नये. मॅक्सच्या खुणेखाली थोडी जागा राहू द्या.

काही गाड्यांत क्लचला वेगळी डबीच नसते. बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन आणि पोर्शच्या पुष्कळ मॉडेलमध्ये क्लचची नळी ब्रेकच्या डबीला जोडलेली असते, पण तिचं तोंड मुद्दाम वरच्या अंगाला ठेवलेलं असतं. क्लच गळला तर ब्रेकसाठी खाली फ्लुइड शिल्लक राहावं, ही त्यामागची सोय. अशा गाडीत ब्रेक चांगले लागताहेत आणि क्लच मेला, असं झालं तर आधी पातळी बघायची. दुसरी गोष्ट, ब्रेकचं फ्लुइड बदलणारा माणूस चारही चाकांची हवा काढतो आणि क्लचचं निपल, म्हणजे स्लेव्हवरचा हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, तसंच सोडून देतो. काम देताना ते वेगळं सांगावं लागतं.

फ्लुइड कोणतं, हे झाकणावर छापलेलं असतं. डॉट ४ लिहिलं असेल तर चांगल्या प्रतीचं डॉट ४ किंवा डॉट ५.१ चालतं. डॉट ५ मात्र आकड्याने जवळचं वाटलं तरी सिलिकोनचं असतं. ते ग्लायकोलच्या फ्लुइडमध्ये मिसळत नाही, आणि आत शिरलेलं पाणी त्यात न विरघळता खालच्या जागी साठतं. ते वापरू नका. काही गाड्यांच्या क्लचमध्ये तर ब्रेक फ्लुइड नसतंच. पोर्श ९११च्या ९९६ टर्बोमध्ये क्लचला मदत करणाऱ्या सर्किटला पॉवर स्टीअरिंगबरोबरचं हिरवं पेंटोसिन हायड्रॉलिक तेल लागतं. तिथे चुकून डॉट ४ ओतलं, किंवा साध्या गाडीत मिनरल ऑइल गेलं, तर सील फुगतात आणि मास्टरपासून स्लेव्हपर्यंत सगळं बदलायची पाळी येते. सीलबंद डबा उघडून फार दिवस झाले असतील तर उरलेलं फ्लुइडही क्लचला वापरायचं नाही. उघड्या डब्यातलं फ्लुइड ओल पीतच असतं.

आता तुमचं पेडल. फ्लुइडला हात लावण्याआधी दोष कुठे आहे याचा अंदाज घ्या. इंजिन आयडलवर, गाडी सपाट जागी, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. करकर झाली तर क्लच पुरता सुटत नाही. आता पेडल भराभर चार-पाच वेळा पंप करून पुन्हा रिव्हर्स टाका. करकर गेली, तर दोष हायड्रॉलिकमध्ये: हवा, वाफ किंवा मास्टरचं सील. पंप करूनही फरक पडला नाही तर क्लचच्या यांत्रिक भागांकडे, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट किंवा पायलट बेअरिंगकडे बघा. तिथे फ्लुइड बदलून काही हाती लागणार नाही. तिसरी परीक्षा मास्टरची. हँडब्रेक सैल, पाय ब्रेकपासून थोडा वर पण तयार, पहिला गिअर टाकून क्लच दाबून ठेवा. काही सेकंदांनी गाडी आपोआप पुढे सरकायला लागली, तर मास्टरच्या आतलं सील दाब धरत नाही. समोर कोणी उभं नसताना आणि भरपूर मोकळी जागा असतानाच हे करायचं.

बाहेरची गळती बघायला टॉर्च पुरे. पेडलच्या वर, फायरवॉलजवळ मास्टरचा दांडा आत शिरतो तिथे बोट फिरवा. ओलं लागलं किंवा गालिचा चिकट झाला असेल तर मास्टर गेला. बाहेर लावलेला स्लेव्ह असेल, माझदा एमएक्स-५सारखा, तर डस्ट बूटची कड हळूच मागे सारा. आत ओल असेल तर सील गेलं. एमएक्स-५ला हा स्लेव्ह दोन बोल्टवर बसतो, त्यामुळे बदलणं सोपं. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या पाचव्या पिढीत (१९९७ ते २००४) मात्र गिअरबॉक्स मागच्या एक्सलजवळ आणि क्लच पुढे इंजिनला, स्लेव्ह बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, आत. तो बदलायचा म्हणजे मागचा गिअरबॉक्स आणि त्याला इंजिनशी जोडणारी टॉर्क ट्यूब असा सगळा संच उतरवायचा. अशा गाडीत फ्लुइड वेळेवर बदलणं हा फार स्वस्तातला विमा आहे.

वरच्या आरपीएमलाच पेडल रेंगाळण्यामागे फ्लुइडबरोबर आणखी एक गोष्ट असते. फ्लायव्हील वेगात फिरताना डायफ्रॅम स्प्रिंगच्या बोटांचा परतीचा जोर कमी पडतो, आणि पेडल हलकं वाटावं म्हणून लावलेली स्प्रिंग मध्यबिंदू ओलांडला की पेडलला खालीच ओढते. पेडल वर आणायला बोटांचा आधीच कमी जोर उरलेला, त्यात गढूळ किंवा वाफाळलेलं फ्लुइड आलं की पेडल खाली अडकतं. फ्लुइड बदलल्यावर ही तक्रार पुष्कळदा जाते. कायम जाईल अशी हमी मात्र कोणी देऊ नये.

घरी करायची सगळ्यात सोपी रीत सिरिंजची. गाडीखाली जावं लागत नाही, निपल उघडावं लागत नाही. ५० किंवा ६० मिलीची सिरिंज, पुढे पातळ नळीचा तुकडा, ताजं फ्लुइड, पाण्याने भिजवलेलं फडकं. ओलं फडकं एवढ्यासाठी की हे फ्लुइड रंगाला खातं, पण पाण्यात विरघळतं. थेंब सांडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचा, नुसता पुसायचा नाही. झाकण उघडण्याआधी त्याच्या भोवतालची धूळ पुसून घ्या. झाकणाखाली रबरी पडदा असतो, घड्या पडलेल्या पिशवीसारखा. तो लांब ताणून खाली लोंबत असेल तर पातळी मधल्या काळात खाली गेली होती असं समजा. त्याला बोटाने घडीवर परत आणा आणि झाकणातलं हवेचं बारीक भोक मोकळं आहे ना ते बघा.

डबीतलं फ्लुइड ओढून घ्या, पण तळाचं भोक उघडं पडू देऊ नका. ते उघडं पडून पेडल दाबलं गेलं की हवा आत जाते आणि दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं. तळाशी काळा गाळ बसलेला असेल तो फडक्याच्या टोकाने टिपून घ्या. ताजं भरा, पडदा-झाकण लावा, आणि पेडल पूर्ण दाबत, पूर्ण सोडत, सावकाश वीस-तीस वेळा चालवा. पूर्ण सोडणं महत्त्वाचं. पेडल अगदी वर आल्यावरच मास्टरमधलं बारीक भोक उघडतं आणि नळीतलं व डबीतलं फ्लुइड एकमेकांत मिसळतं. मग झाकण काढून बघा: स्वच्छ फ्लुइडमध्ये तळाच्या भोकातून काळी, धुरकट रेघ वर आलेली दिसते. पुन्हा ओढा, पुन्हा भरा, पुन्हा पंप करा. रंग टिकून पिवळसर राहीपर्यंत हे चालू ठेवा. एकाच बैठकीत संपवायचा हट्ट नको. मधे गाडी आठवडाभर चालू द्या, गरम होऊ द्या, मग पुढची फेरी.

या रीतीने फ्लुइड पातळ-पातळ होत स्वच्छ होतं, पण स्लेव्हच्या तळाशी, निपलच्या कोपऱ्यात बसलेली घाण आणि हवा जात नाही. म्हणून माझ्या मते सिरिंजची फेरी ही नेहमीची देखभाल, आणि निपल उघडून पुरतं फ्लुइड बदलणं हे दोन वर्षांनी एकदा. ट्रॅकवर नेत असाल तर दरवर्षी, हंगामाच्या आधी.

निपलच्या कामात घाई केली की आटे जातात किंवा निपल मोडतं. त्यामुळे तोंडाला पुरता बसणारा रिंग पानाच घ्या, बहुतेक ठिकाणी ८, १० किंवा ११ मिलिमीटरचा. उघड्या तोंडाच्या पान्याने निपलच्या कडा गोल होतात. निपल गंजलेलं असेल तर आदल्या दिवशी मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि निपलचं भोक पुसून स्वच्छ करा. पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक फ्लुइड असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करून आवळायचं, मग पेडल हाताने वर ओढून घ्यायचं. निपल उघडल्यावर पेडल स्वतःहून वर येत नाही. दर पाच-सहा दाबांनंतर डबी बघा. नळीत बुडबुडे नाहीत आणि रंग डबीतल्यासारखा, तेव्हा थांबा. निपल आवळताना बेताने, ते पितळ्याचं किंवा पोकळ पोलादाचं असतं.

एकटे असाल तर डबीवर लावायचा प्रेशर ब्लीडर घ्या, दाब साधारण एक बारच्या वर नेऊ नका. हातपंपाने निपलकडून ओढून घेण्याची रीतही आहे, पण तिच्यात आट्यांमधून बाहेरची हवा येते आणि बुडबुडे संपतच नाहीत. माणूस उगीच हैराण होतो. हवा हटतच नसेल तर उलट्या बाजूने करा: स्लेव्हच्या निपलमधून सिरिंजने ताजं फ्लुइड हळूहळू वर ढकला. बुडबुड्यांना वर जायला आवडतंच, त्यांच्याविरुद्ध झगडायचं कशाला? आधी डबी अर्धी रिकामी करायला विसरू नका, नाहीतर फ्लुइड बॉनेटखाली सगळीकडे सांडेल. काही बीएमडब्ल्यूमध्ये क्लचच्या नळीत क्लच सावकाश बसवणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे फ्लुइड बारीक धारेनेच येतं. नळी तुंबली असं समजून घाबरू नका. स्लेव्ह गिअरबॉक्सवरून सुटा करून लोंबत ठेवला असेल तर पेडलला हात लावायचा नाही. समोर अडवायला काही नसल्याने पिस्टन बाहेर उडतो.

हवा काढून झाल्यावर पेडलची मोकळी चाल तपासा. सुरुवातीला बोटाने दाबल्यावर काही मिलिमीटर पेडल निव्वळ सैल जायला हवं. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे. ती चाल अजिबात नसेल तर मास्टरमधलं मघाचं बारीक भोक उघडतच नाही, फ्लुइड गरम होऊन फुगतं, आणि क्लच घसरायला लागतो. प्लेट गेली असं समजून लोक क्लच बदलतात, दोष पेडलपासून मास्टरमध्ये जाणाऱ्या दांड्याच्या (पुशरॉडच्या) एका नटात असतो.

आता इंजिन ऑइल. इथे पुस्तकाशी माझं भांडण नाही, फक्त किलोमीटरबरोबर महिनेही मोजा. कमी चालणारी गाडी वर्षातून एकदा तरी ऑइल मागतेच, कारण छोट्या फेऱ्यांत इंजिनच्या तळच्या ऑइल चेंबरमध्ये पेट्रोल आणि पाणी साठतं आणि ते उडून जायला ऑइल पुरतं तापावं लागतं. गाडी नुसती सुरू करून दहा मिनिटं आयडलवर ठेवण्यात लाभ नाही. काढली तर अर्धा तास तरी चालवा. ग्रेड कंपनीने सांगितलेलाच, त्याबरोबरची मंजुरीही बघा. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ला १०डब्ल्यू-६० लागतं म्हणून ते प्रत्येक स्पोर्ट्स कारला चांगलं असं होत नाही. दुसऱ्या टोकाला कॉर्व्हेटचं बघा: २०१९च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने ५डब्ल्यू-३० सोडून ०डब्ल्यू-४० सांगायला सुरुवात केली. दुकानात जाड ऑइल म्हणजे भक्कम ऑइल असं सांगणारे भेटतात. बेअरिंगमधली फट किती आणि पंप किती ऑइल ढकलतो यावर ग्रेड ठरलेला असतो.

पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तयार झालं, हा समज मोडा. ऑइल पाण्याच्या मागून, बऱ्याच उशिरा तापतं. त्याच एम३च्या टॅकोमीटरवर दिवे असतात, ऑइल तापत जाईल तसे ते एकेक विझतात आणि वरची आरपीएम मोकळी होते. तुमच्या गाडीत ऑइलचा काटा असेल तर ८० अंशांपर्यंत निम्म्या आरपीएमच्या खाली राहा. ट्रॅकवर जाताना डिपस्टिकवर पातळी मॅक्सच्या जवळ ठेवा, लांब वळणात ऑइल एका अंगाला जातं आणि पंपाचं तोंड उघडं पडू शकतं. मॅक्सच्या वर मात्र नको, क्रँक ते घुसळून फेस करतो. ड्राय संप, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना, असेल तर पातळी बघायची पद्धतच निराळी, इंजिन गरम असताना मोजावी लागते. थंड इंजिनवर डिपस्टिक बघून भर घातली की जास्त होतं. माझदा आरएक्स-८सारखं रोटरी इंजिन असेल तर ते मुळातच थोडं ऑइल ज्वलनकक्षात सोडतं, त्यामुळे पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायची सवयच हवी.

ऑइल बदलताना ड्रेन प्लगचा वॉशर नवा, जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना ते बोटाने चाचपून बघायचं, नव्याच्या रबराला ऑइलचं बोट लावून फिल्टर हातानेच आवळायचा. काढलेला फिल्टर कापून घड्या उलगडून बघण्यासारख्या असतात. चिमूटभर चकाकी दिसली तर चुंबक लावा: चिकटली तर लोखंड, न चिकटणारी रुपेरी चकाकी दर वेळी वाढत असेल तर बेअरिंगची शंका घ्या.

गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण तिथे ‘भारीतलं’ घालायची हौस असते. जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या प्रती. जीएल-५ हा डिफरन्शियलच्या, एकमेकांवर जोराने घसरणाऱ्या हायपॉइड दातांसाठी. त्यात गंधक-फॉस्फरसची भर जीएल-४च्या जवळपास दुप्पट. गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रोच्या रिंगा पितळेच्या असतील तर हीच भर त्यांना खाऊ शकते, आणि रिंग निसटल्यासारखी होऊन गिअर खरखरत पडतो. उलट डिफरन्शियलमध्ये जीएल-४ घातलं तर दातांचं संरक्षण तोकडं पडतं. होंडा एस२०००मध्ये गिअरबॉक्सला होंडाचं स्वतःचं पातळ एमटीएफ (मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं, त्याच गाडीच्या डिफरन्शियलला जीएल-५. मघाच्या कॉर्व्हेटच्या सहा गिअरच्या टी५६ गिअरबॉक्समध्ये तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं डेक्सरॉन एटीएफ जातं. गाडीवरून अंदाज बांधणं धोक्याचं, मॅन्युअल उघडा.

काम सोपं आहे, एक नियम पाळला तर: आधी भरायचा प्लग सैल करून बघायचा, मगच खालचा ड्रेन प्लग उघडायचा. वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला आणि खालून सगळं ऑइल वाहून गेलं, तर गाडी जागची हलत नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी पेस्ट असणं ठीक. तुकडे किंवा दाताची कड दिसली तर ठीक नाही. ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो झिजताहेत. क्लच प्लेटवाला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर ऑइलमध्ये प्लेटांचं घर्षण मऊ करणारा फ्रिक्शन मॉडिफायर हवा, नसेल तर हळू वळताना मागून थरथर येते. भरल्यावर मोकळ्या जागी सावकाश आठचे आकडे काढा म्हणजे ते प्लेटांमध्ये मुरतं. प्लेटांऐवजी गिअरवर चालणाऱ्या टॉर्सन प्रकारात याची गरज नाही. तुमच्या वापराला दोन्ही ऑइलं तीन वर्षांनी बदललीत तर पुरे.

उरलेली ग्रीसची कामं किरकोळ, वर्षातून एकदा, एका दुपारी होतात. बिजागऱ्या आणि बॉनेटचं लॉक यांना पांढरं लिथियम ग्रीस, रबरी बीडिंगला सिलिकोन, ब्रेक कॅलिपरच्या पिनांना सिलिकोनचंच ग्रीस. पॉलियुरेथेनचे बुश किरकिरत असतील तर त्यांनाही सिलिकोन. हायड्रॉलिकच्या आतल्या भागांना, म्हणजे स्लेव्हच्या सीलला किंवा बूटच्या आत, पेट्रोलियमचं ग्रीस लागता कामा नये. तिथे फक्त लाल रबर ग्रीस. ड्राइव्ह शाफ्टचे बूट हाताने ताणून घड्यांत चीर आहे का बघा, चीर वेळेवर सापडली तर बूट आणि ग्रीसवर भागतं. क्लच पेडलच्या पिव्होटला आणि मास्टरच्या दांड्याच्या पिनेला थोडं ग्रीस द्या. पेडल सोडताना येणारी कुरकुर बहुतेक तिथलीच. एस२०००मध्ये ठरावीक आरपीएमला पेडलमधून येणारी बझ ही स्लेव्हच्या दांड्याचं टोक आणि रिलीज बेअरिंग ढकलणारा फोर्क यांच्यामधलं ग्रीस वाळल्याने येते, तिथे होंडाने सांगितलेलं युरिया ग्रीसच टिकतं. चाकांच्या नटांना मात्र ऑइल-ग्रीस काही लावायचं नाही, कंपनीने सांगितल्याखेरीज. टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो, ओल्या आट्यांवर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर या आठवड्यात सिरिंजने दोन-तीन फेऱ्या करा, ट्रॅकआधी निपल उघडून पुरतं फ्लुइड बदला, आणि मग पुढचे काही आठवडे झाकण उघडून रंग बघत राहा. महिनाभरात पुन्हा काळं झालं, किंवा पातळी घटली, तर सील खलास झालंय. फ्लुइड बदलत राहण्यात अर्थ नाही. बाहेरचा स्लेव्ह असेल तर मास्टरही त्याच वेळी बदला. नव्या स्लेव्हचा पुरता दाब जुन्या सीलवर येतो आणि ते थोड्याच दिवसांत गळायला लागतं. स्लेव्ह बेलहाउसिंगच्या आत असेल तर गिअरबॉक्स उतरेल तेव्हा स्लेव्ह, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील ही चारही कामं एकदम उरका. फोर्क असेल तर त्याच्या पिव्होटला उष्णता सोसणारं मोलिब्डेनमचं ग्रीस, इनपुट शाफ्टच्या खाचांना त्याचाच अगदी पुसट थर. जास्त झालं तर ते फिरताना उडून प्लेटवर बसतं. आणि गिअरबॉक्स खाली असतानाच स्लेव्हच्या निपलला स्टीलची जाळीदार लांब नळी जोडून तिचं टोक इंजिनच्या बाजूला वर आणून घ्या. पुढच्या वेळी हवा काढायला गाडी जॅकवर चढवावी लागणार नाही.